मिशन कंपाऊंडच्या ट्रंकेतले फोटो आणि कागद : ब्रदरन मंडळीचा इतिहास कसा जपायचा

जुन्या मिशन कंपाऊंडशी नातं असलेल्या घरात एक पत्र्याची ट्रंक असतेच. वर बाप्तिस्म्याचे दाखले, मग संडे स्कूलात मिळालेली बक्षिसाची पुस्तकं, कुणाचं तरी नर्सिंगचं सर्टिफिकेट, आणि एकदम तळाला फोटो. आमच्या आत्याच्या ट्रंकेत शाळेसमोरचा एक ग्रुप फोटो होता, तीस माणसं, मागे इंग्रजीत दोन गोऱ्या माणसांची पूर्ण नावं आणि त्यापुढे फक्त ‘हेल्पर्स’. म्हणजे अठ्ठावीस जणांना मिळून एक शब्द. आत्याने त्यातले एकोणीस जण बोट ठेवून ओळखले, कोण कुणाचा जावई तेही सांगितलं, मी म्हटलं पुढच्या वेळी आलो की लिहून घेतो. पुढच्या वेळी आत्या नव्हती.

म्हणून इथे क्रम थोडा उलटा आहे. बहुतेक ठिकाणी सांगतात की आधी स्कॅनर घ्या. मी म्हणतो स्कॅनर नंतर, आधी वही आणि पेन्सिल. फोटो अजून वीस वर्षं ट्रंकेत कसाबसा टिकेल, पण त्यातली नावं ज्यांच्या डोक्यात आहेत ती माणसं ऐंशीच्या पुढे गेलीत.

थोडी पार्श्वभूमी, कारण पुढे लागणार आहे

ब्रदरन म्हणजे जर्मनीत श्वार्झेनाऊ गावी १७०८ साली अलेक्झांडर मॅक धरून आठ जणांनी नदीत बाप्तिस्मा घेऊन सुरू केलेला पंथ. ही मंडळी पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेली आणि तिथून १८९४ साली विल्बर स्टोव्हर, त्यांची बायको मेरी आणि बर्था रायन हे तिघं इकडे आले, बलसाडला म्हणजे आताच्या वलसाडला बस्तान बसवलं. तिथून काम जलालपोर, अंकलेश्वर, व्यारा, आहवा असं पसरलं आणि आपल्या बाजूला डहाणू, पालघर, वाडा. छप्पन्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, मिशनने खूप अनाथ पोरं सांभाळली, आज कित्येक घराण्यांची वंशावळ मागे नेत गेलं की तिथेच जाऊन थांबते. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, त्यात ब्रदरन पण होते. त्यामुळे आज बोर्डावर सीएनआय दिसतं आणि नवीन पोरांना ब्रदरन हा शब्दच माहीत नसतो.

या चार-पाच तारखा लक्षात ठेवा, फोटोचं साल ठरवायला त्या फार कामाला येतात.

पहिलं काम : काय काय आहे आणि कुणाकडे आहे

गोळा करायला लागू नका. नुसती यादी करा. रविवारी उपासना सुटली की बाहेर चहाला माणसं थांबतात तेव्हा दोन वाक्यांत सांगा की जुने फोटो बघायचेत, नेणार नाही. हे ‘नेणार नाही’ महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक गावात एकदा कुणीतरी सोव्हेनिअर छापायला म्हणून फोटो नेलेत आणि परत दिले नाहीत, आणि ती आठवण लोक पुढची तीस वर्षं धरून बसतात, बरोबरच आहे त्यांचं.

चर्चच्या कपाटात सहसा बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं, मीटिंगची मिनिट बुकं आणि वर्गणीच्या वह्या असतात. घरांत फोटो, पत्रं, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा (या विसरू नका, कधीकधी रजिस्टरपेक्षा खऱ्या असतात), दाखले, अंत्यविधीची पत्रकं. भिंतीवर वचनाच्या फ्रेमा असतात त्यांच्या मागेही बघा, पूर्वी फ्रेमवाले पाठीला जुना पुठ्ठा म्हणून काहीही लावायचे. आणि कबरस्तान. शिळेवरचा मजकूर हाही कागदच समजा, सकाळी नाहीतर संध्याकाळी तिरक्या उन्हात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. शिळेला खडू किंवा तेल लावू नका.

कुणी विश्वासाने मूळ फोटो हातात दिलाच तर तिथल्या तिथे साध्या कागदावर पावती द्या : किती फोटो, कोणाकडून, कधी परत. सख्ख्या मामाला पण द्या. मामा हसतील, देऊ दे.

दुसरं काम : नावं

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मोबाईलने फोटोचा फोटो काढा, मोठ्या कागदावर झेरॉक्स किंवा प्रिंट काढा आणि प्रत्येक डोक्यावर पेनने नंबर टाका. मूळ फोटोवर काहीही लिहायचं नाही. हे झेरॉक्स घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जा, शक्यतो दोघं-तिघं एकत्र असतील असं बघा, एकटा माणूस ‘आठवत नाही रे बाळा’ म्हणतो पण दोन म्हाताऱ्या एकत्र बसल्या की भांडून भांडून नाव काढतात. जेवणानंतर नको, झोप येते. सकाळी दहाच्या सुमारास, चष्मा आहे का विचारून.

‘हे कोण?’ असा प्रश्न सारखा विचारलात की परीक्षा घेतल्यासारखं होतं. त्यापेक्षा विचारा, हे सगळे कशासाठी जमलेत, मागची इमारत कुठली, विहीर कुठल्या बाजूला होती, बोर्डिंगमध्ये जेवायला काय असायचं, मिससाहेब (मिशनरी बाई) कुठल्या बंगल्यात राहायच्या. एका कागदावर कंपाऊंडचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्या : बंगला, शाळा, दवाखाना, बोर्डिंग, चिंचेचं झाड. जागा आठवली की माणसं आपोआप आठवतात. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण आधी सांगून, आणि सुरुवातीलाच तारीख, जागा, कोण बोलतंय हे मोठ्याने बोला नाहीतर दोन वर्षांनी आवाज कुणाचा तेच कळत नाही. पंखा बंद करा. मी एक तासाचं रेकॉर्डिंग केलं होतं, त्यात पन्नास मिनिटं पंखाच ऐकू येतो.

लिहिताना प्रत्येक नावापुढे कोणी सांगितलं ते लिहा आणि ‘खात्री’ की ‘बहुतेक’ तेही. दोन माणसांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा, तुम्ही न्यायाधीश होऊ नका. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं विचारा, कारण बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात एक असतं आणि दफनाच्या रजिस्टरात दुसरं. हाकेचं नाव पण लिहा. रजिस्टरात पाच शांताबाई असतात, पण ‘दवाखान्यातली शांती’ एकच.

साल कसं ओळखायचं

फोटोच्या मागे तारीख असली तर प्रश्नच नाही, पण नसते. मग खुणा बघायच्या. १९०८ पर्यंत या चर्चचं अधिकृत नाव जर्मन बॅप्टिस्ट ब्रेदरन असं होतं, त्या साली चर्च ऑफ द ब्रेदरन झालं, तेव्हा लेटरहेडवर किंवा पुस्तकाच्या शिक्क्यात जुनं नाव दिसलं तर बहुधा वस्तू १९०८ च्या आधीची (जुनी स्टेशनरी संपेपर्यंत वापरतात हे लक्षात ठेवून). पत्त्यात बॉम्बे स्टेट असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. ‘जिल्हा ठाणा’ वरून काही कळत नाही कारण पालघर जिल्हा झाला तोच १ ऑगस्ट २०१४ ला. ग्रुपच्या मधोमध जांभळ्या झग्यातले बिशप बसलेत तर बहुतेक १९७० नंतरचा, ब्रदरनमध्ये बिशपची पद्धत नव्हती, एल्डर म्हणजे वडील असायचे.

विधी पण ओळखा. कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस गुडघ्यावर आणि पाळक शेजारी उभे, हा बाप्तिस्मा. ब्रदरन लोक पुढच्या बाजूला तीनदा बुडवून बाप्तिस्मा देतात म्हणून ती पोझ वेगळी दिसते. लांब बाकांवर समोरासमोर माणसं आणि मधे घमेली-टॉवेल दिसत असतील तर ते कुठलं आरोग्य शिबिर नाही, प्रीतिभोजनाच्या वेळचा पाय धुण्याचा विधी आहे. एका ठिकाणी अशा फोटोखाली ‘दवाखान्यातील दृश्य’ असं छापलेलं मी स्वतः पाहिलंय.

बाकी साधं डोकं चालवा. शाळेला कौलं आहेत की पत्रा, विजेचा खांब आहे का, बायका नऊवारीत की पाचवारीत, करवतीसारखी दातेरी कड असलेला छोटा प्रिंट, स्टुडिओचा उठावाचा शिक्का. यातून ‘१९३६’ असं नेमकं निघत नाही, ‘१९३० ते १९४० च्या दरम्यान’ निघतं, आणि तेवढंच लिहायचं.

हात लावण्याआधी : काय करायचं नाही

लॅमिनेशन नको. हे मी तीनदा लिहायला तयार आहे. लॅमिनेशन केलेला दाखला परत कधीच सुटत नाही आणि उष्णतेने फोटो आतल्या आत खराब होतो. सेलोटेप नको, पिवळी पडून कागदात उतरते. ओल्या कापडाने पुसणं नको, थुंकी लावून तर अजिबात नको (हसू नका, बघितलंय). फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं की पुढच्या बाजूला उमटतं, लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने, आणि नवीन गुळगुळीत प्लॅस्टिकसारख्या प्रिंटवर पेन्सिल उठत नाही तिथे पाकिटावर लिहा, आणि फोटो पाकिटात घालायच्या आधी.

टाचण्या, यू-पिना, रबर बँड काढून टाका, गंजतात. टाचणी कागदात रुतली असेल तर ओढू नका, खाली जाड प्लॅस्टिकची पट्टी सरकवून हळू सोडवा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर सोडवायचा प्रयत्न करू नका, काचेसकट स्कॅन करा. १९८०-९० मधले ते चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिक असलेले अल्बम असतात ना, ते फोटोचे शत्रू आहेत, आधी पानासकट स्कॅन करा, मग दात साफ करायचा फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा सरकवून बघा, सुटला तर सुटला.

काचेच्या निगेटिव्ह सापडल्या तर कडेला धरा आणि उभ्या ठेवा, एकावर एक नाही. प्लॅस्टिक निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती सडायला लागलीय, बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी तीच स्कॅन करा. १९५० च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या निगेटिव्ह चिकट, तपकिरी झाल्या असतील तर त्या नायट्रेटच्या असू शकतात, पेट घेतात, घरात साठवू नका, जाणकाराला दाखवा.

स्कॅनिंग

साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो, मंडळीत कुणाच्या तरी ऑफिसात असतोच. कागदांना ३०० ते ४०० डीपीआय (इंचाला किती ठिपके), फोटोंना ६००, अगदी काड्यापेटीएवढा फोटो असेल तर १२००. ब्लॅक अँड व्हाईट फोटो पण कलरमध्ये स्कॅन करा, पिवळेपणा आणि शाई त्यातूनच कळते. मूळ फाईल टिफ, वाटायला जेपेग. चार बाय सहाचा फोटो ६०० ला टिफमध्ये साधारण २६ एमबी होतो, म्हणजे पाचशे फोटो जेमतेम १३ जीबी, एका पेनड्राईव्हचं काम, तेव्हा जागा वाचवायला क्वालिटी कमी करू नका. फोटोची मागची बाजू पण स्कॅन करा, कोरी असली तरी स्टुडिओचा शिक्का किंवा कागदाच्या कंपनीचं नाव असतं.

स्कॅनर नसेल तर मोबाईल. खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोटो सपाट ठेवून मोबाईल बरोबर वरून समांतर, सावली पडत नाही ना बघून. रजिस्टरांना तर मोबाईलच बरा, कारण स्कॅनरवर उलटं दाबलं की बांधणी तुटते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तुमचे २६ एमबी तिकडे पोचेपर्यंत काही केबी उरतात आणि मग तीच धुरकट कॉपी दहा ग्रुपमध्ये फिरते.

दुरुस्ती, रंग भरणं, आजकाल ॲप चेहरे ‘सुधारून’ देतात ते, मूळ फाईलवर कधीही करू नका. ॲपने बनवलेला चेहरा हा तुमच्या आजोबांचा चेहरा नसतो, तो ॲपचा अंदाज असतो. हौस असेल तर कॉपीवर करा आणि फाईलच्या नावातच ‘बदललेला’ लिहा.

नंबर, शीट, कॉप्या

फाईलचं नाव साधं : डहाणू-१९३०अंदाजे-शाळा-००३. स्पेस नको. तोच नंबर पाकिटावर पेन्सिलने. मग एक एक्सेल शीट, रकाने एवढेच : नंबर, कुणाकडून आला, जागा, साल, डावीकडून कोण कोण, कोणी सांगितलं आणि कधी, मागे काय लिहिलंय ते चुकांसकट जसंच्या तसं, आणि मालकाची काही अट. मागच्या मजकुरात काही दुखावणारं असलं तरी तसंच उतरवा. ‘हेल्पर्स’ खोडायचं नाही, त्याच्या शेजारी आपल्या रकान्यात अठ्ठावीस नावं लिहायची.

कॉप्या तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. पालघरला हार्डडिस्क, क्लाऊडवर एक, आणि पुण्यात किंवा दुबईत असलेल्या भाच्याकडे एक. शीटची छापील प्रत पण ठेवा.

रजिस्टरं आणि ठरावांच्या वह्या

ही चर्चमधून हलवायची नाहीत. लग्नाचं रजिस्टर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालचं कागदपत्र आहे, पाळकसाहेब आणि कमिटीची लेखी परवानगी घेऊन तिथेच टेबलावर फोटो काढायचे. मिनिट बुकं लोकांना कंटाळवाणी वाटतात पण तीच सगळ्यात मोलाची. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०१३ ला निकाल लागला, आणि त्यात १९७० च्या एकीकरणाच्या वेळचे ठराव हा मोठा मुद्दा होता. कोण बरोबर यात मला पडायचं नाही, पण त्या काळची वही वाळवीने खाल्ली असेल तर कुठल्याच बाजूला बोलता येत नाही.

जागेची जुनी खरेदीखतं मोडी लिपीत असू शकतात आणि सीमेकडची पत्रं गुजरातीत. वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्यामुळे वाचणारी माणसं मिळतात.

ठेवायचं कसं, कोकणातल्या हवेत

आपला खरा वैरी पावसाळा. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि डहाणूला जुलैत तो किती असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे पॅकिंग जानेवारी-फेब्रुवारीत करा, हवा कोरडी असताना. जुलैत घट्ट डब्यात भरलं तर ओल आतच कोंडते. फोटो प्रत्येकी साध्या पांढऱ्या, ॲसिड नसलेल्या कागदाच्या पाकिटात, वह्या मांजरपाटात बांधून, पण मांजरपाट आधी दोनदा धुऊन खळ काढलेला. मोडीचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) शतकानुशतकं कापडातच टिकलेत. डब्यात सिलिका जेल, नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. नारिंगी मणी हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोनेक तास सुकवायचे, जेवणाच्या भांड्यात नाही. डब्याचं झाकण सैल असेल तर सिलिका घालून उपयोग नाही, सगळ्या खोलीची ओल ओढत बसेल.

डांबरगोळ्या फोटोंसोबत नकोत. कडुलिंबाचा पाला कागदाला चिकटवून ठेवू नका, डाग पडतात. कपाट लोखंडी, भिंतीपासून चार बोटं लांब, पाय विटांवर. माळ्यावर कौलांखाली तर कधीच नाही, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते.

पाणी शिरलंच तर घाबरून उन्हात टाकू नका. फोटो स्वच्छ पाण्यातून हलके काढा, चित्राची बाजू वर करून सावलीत पंख्याखाली पसरा. एकमेकांना चिकटलेले असतील तर सुकण्याआधी पाण्यात सोडवा, सुकल्यावर जमत नाही. खूपच असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने दहा-दहा काढा. बुरशी असेल तर आधी सुकू द्या, मग घराबाहेर, मास्क लावून, मऊ ब्रशने.

अमेरिकेतला दुसरा अर्धा भाग

इलिनॉय राज्यात एल्जिनला ब्रेदरन हिस्टॉरिकल लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज आहे. मिशनरी दर काही वर्षांनी रजेवर घरी जायचे तेव्हा फोटो, रिपोर्ट, पत्रं तिकडेच गेली. त्यांना ईमेल करताना ‘आमच्या गावाचे फोटो द्या’ असं लिहू नका, मिशन स्टेशनचं (म्हणजे मिशनच्या केंद्राचं) नाव, अंदाजे साल, मिशनरीचं आडनाव लिहा. शिवाय मिशनरी व्हिजिटर आणि गॉस्पेल मेसेंजर या त्यांच्या जुन्या मासिक-साप्ताहिकांचे अंक इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. शोधताना त्या काळचं इंग्रजी स्पेलिंग टाका : वलसाड नाही बल्सार, वाड्याला व अक्षर डबल्यूने नाही तर व्हीने, अंकलेश्वरला अंकलेसवर. ही एक गोष्ट कळायला मला सहा महिने लागले.

आणि तुमची नावांची शीट त्यांनाही पाठवा. त्यांच्या पेटीत कदाचित त्याच फोटोची जास्त स्वच्छ प्रत आहे, आणि तिच्यामागेही ‘हेल्पर्स’च लिहिलेलं असणार.

काय नेटवर टाकायचं नाही

अनाथाश्रमाच्या नोंदी, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातला जातीचा रकाना, दवाखान्याचे कागद, कुणाला मंडळीतून काढल्याचे ठराव. जपायचं सगळं, दाखवायचं नाही सगळं. घरच्यांना आधी विचारा, आणि नको म्हणाले तर शीटच्या अटीच्या रकान्यात तसं लिहून गप्प बसा. पुढची पिढी कदाचित हो म्हणेल.

डबे वर्षातून दोनदा उघडायचे : एकदा दसऱ्याच्या सुमारास पाऊस गेल्यावर आणि एकदा नाताळाआधी चर्चची साफसफाई असते तेव्हा. नाताळाला बाहेरगावची सगळी माणसं गावी आलेली असतात, तेव्हा नंबर टाकलेली झेरॉक्सं आणि दोन पेन्सिली करंज्यांच्या ताटाशेजारी ठेवून द्या.